निळी खुर्ची

बुधवारी रात्री दवाखान्याच्या मागच्या खोलीत
आम्ही सात बाप.
दोघे मिनीबस चालवणारे, एक पाववाला,
एक मिरवणुकीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा,
आणि मी एउस्ताकियो, गिअरबॉक्स दुरुस्त करणारा.
नर्स मार्लेनीनं मध्ये एक खुर्ची ठेवली,
निळी, प्लास्टिकची, एक पाय जरा आखूड.
म्हणाली, ही तुमची मुलगी समजा. नाहीतर मुलगा. बोला.

कुणी बोलेना.
ज्याच्या फुंकरीनं एरवी अख्खा चौक भरतो
त्याच्या तोंडून 'कंडोम' हा शब्द बाहेर पडेना.
पाववाला म्हणाला, ते...
ते म्हणजे काय, नर्सनं विचारलं.
ते म्हणजे, ते.
खुर्ची लंगडत ऐकत होती.

मला वाटलेलं, मला सोपं जाईल.
माझ्या धंद्यात प्रत्येक तुकड्याला नाव असतं,
नाव न घेता पाना कसा मागणार?
पण एका बाईशेजारी अठरा वर्षं निजून
मी 'तिकडे' म्हणत आलो,
आणि ती बिचारी 'तिकडे' समजून घेत आली.

ती आता वालेन्सियात
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
रविवारी फोनवर म्हणाली,
तू बोल तिच्याशी.
तारेवरून मी किती आई होऊ?

शनिवारी एल आल्तोच्या बाजारातून
होसेलिनचे शाळेचे बूट घेऊन आम्ही खाली निघालो,
आणि वाऱ्यानं रोपवे अडवला.
पाळणा मध्येच टांगलेला. खाली ला पास,
एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, एका गच्चीवर कुत्रं.
समोर एक आजीबाई, मांडीवर
सुकवलेल्या बटाट्यांचं पोतं, डोळे मिटलेले.

म्हटलं, तो झेरॉक्सच्या दुकानातला एदसन...
पापा! इथे?
इथेच. इथून तुला पळता येणार नाही.
(मलाही नाही, पण हे मी मनात म्हटलं.)
आजीबाई डोळे न उघडता म्हणाल्या,
चालू द्या. मी बहिरी आहे.

पहिला शब्द गंजलेल्या बोल्टासारखा निघाला,
कानशिलं तापवत.
दुसरा त्याहून बरा.
पाळी, दिवस राहणं, रोग, गोळ्या, कंडोम,
सगळं नाव घेऊन बोललो, बुटांच्या खोक्याकडे बघत.
म्हटलं, नाही म्हणायला कारण लागत नाही.
हो म्हटल्यावरसुद्धा नाही म्हणता येतं, अगदी मध्यावर,
हा पाळणा नाही का थांबला...
पापा, उपमा नको, ती म्हणाली.
पण तिनं कानातली वायर काढून ठेवली होती.

आणि त्यानंही विचारायला हवं, मी म्हणालो,
दरवेळी.
ती बराच वेळ खाली बघत राहिली.
मग म्हणाली,
तू आईला विचारलं होतंस?

निळ्या खुर्चीनं हे कधी विचारलं नव्हतं.
कुत्रं उगाच भुंकलं.
खोटं ओठांवर आलं होतं, तयार, तेल घातलेलं.
नाही, मी म्हणालो.
विचारायचं असतं हे मला माहीत नव्हतं.
ती नाही म्हणाली नव्हती. तेवढंच मी ऐकलं.

बहिऱ्या आजीबाईंनी पोत्याची गाठ
सोडली, पुन्हा बांधली.
होसेलिननं काही माफ केलं नाही, काही मोडलंही नाही.
खोकं उघडून एक बूट घालून पाहिला.
चावतोय, म्हणाली. पुढच्या शनिवारी बदलू.
पुढच्या शनिवारी बोलू, असंही असेल कदाचित.
गचका देऊन पाळणा सुटला.

रविवारी मी लवकर फोन लावला.
इथली सकाळ, तिची दुपार.
म्हणाली, काय रे, बोललास का?
बोललो. आता तुला एक विचारायचंय.
अठरा वर्षं उशीर झालाय.

थांब, ती म्हणाली,
आणि तिकडे कुणाच्यातरी म्हाताऱ्याचा
रेडिओ बंद केल्याचा आवाज आला.